लाकड्याच्या खापऱ्या

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा झाडंही माणसांना हाक मारत म्हणे, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराच्या कडेने एक पाट वाहत असे. नदीतून निघायचा, वळणं घेत गावोगावच्या शेतांना पाणी पाजायचा आणि अगदी टोकाच्या गावात जाऊन संपायचा. हा पाट कोणा एकाचा नव्हता. ज्याला सुचेल त्याने त्यात सुधारणा करावी, अशी सगळ्यांना मुभा होती. अट एकच. ज्याने पाटाला हात लावला, त्याने फुटक्या मडक्याच्या एका खापरीवर दोन ओळी लिहून ती तिथेच बांधात रोवायची.

पाटाची राखण हौसाक्का नावाची पाटकरीण करायची. बाई कामाला वाघ, पण तिला एक खोड होती. काहीही दिसलं की तिच्या तोंडून आधी ‘का?’ निघायचं. लग्नाचा मुहूर्त टळला तर सगळे चिडायचे, आणि ही नवऱ्या मुलालाच विचारायची, “का रे बाबा उशीर झाला?”

पाट लांबलचक आणि हौसाक्का एकटी. म्हणून सगळ्या गावांनी मिळून एका सुताराकडून लाकडाचा माणूस घडवून घेतला. त्याला सगळे लाकड्या म्हणत. लाकड्या दमत नसे, कुरकुरत नसे, अक्षर तर मोत्याच्या दाण्यासारखं. त्याच्यात एकच उणीव होती, ती सुताराला काही केल्या भरून काढता आली नाही. सूर्य मावळला की दिवसभराचं सगळं लाकड्या विसरून जाई. सकाळी उठे तो कोरी पाटी होऊन; काम आणि माणसं तेवढी ठाऊक असत.

लाकड्या आला आणि पाट लख्ख झाला. हौसाक्का खूश होती. पण थोड्याच दिवसांत टोकाच्या गावचा कारभारी तणतणत आला.

“हौसाक्का, आमच्याकडे एक दिवस पाणी येतं आणि एक दिवस येत नाही. रोपांनी माना टाकल्यात. अमावास्येपर्यंत हे थांबलं नाही, तर आम्ही नदीतून आमचा वेगळा पाट काढणार. मग तुमचं तुम्ही बघा!”

नदी एवढीशी. तिच्यातून दोन पाट निघाले तर पाणी ना यांना पुरणार, ना त्यांना. इतक्या पिढ्यांनी एकत्र राखलेला पाट नेमका हौसाक्काच्या राखणीत तुटणार होता.

ती पाटाच्या कडेने तपासत निघाली. मधल्या वळणावर आली आणि थबकली. तिथे बांधात खापऱ्यांची ही भली मोठी रांग! पहिलीवर लिहिलं होतं, ‘भोक पाडले.’ दुसरीवर, ‘भोक बुजवले.’ तिसरीवर, ‘भोक पाडले.’ चौथीवर काय होतं ते तुम्हीच ओळखा. आणि सगळीकडे अक्षर एकाचंच, मोत्याच्या दाण्यासारखं.

दुसरं कोणी असतं तर लाकड्याला चुलीत घातलं असतं. हौसाक्काला मात्र रागाच्या आधी नवल वाटलं. एवढा शहाणा गडी असं का करत असेल?

लाकड्या तिथेच होता. भोक नुकतंच बुजवून खापरी लिहायला बसला होता.

“लाकड्या,” ती म्हणाली, “एवढंसं लिहून भागायचं नाही. जरा नीट लिही.”

लाकड्या मान खाली घालून लिहू लागला. ‘मधल्या वळणावरील बांधाची अत्यंत उत्कृष्ट, भक्कम व सर्वांगसुंदर सुधारणा केली. त्यामुळे पाटाचा कायापालट झाला आहे.’

हौसाक्काने कपाळावर हात मारला. “अरे, तू पाटाचा गडी की राजाचा भाट?”

“चुकलं का, आक्का?”

“मला सांग, भोक का बुजवलंस?”

“पाणी फुकट ओढ्यात चाललं होतं. टोकाच्या गावाला पोचलं नसतं.”

“बरोबर आहे. आणि ते पाडलं कोणी होतं?”

“असेल कोणीतरी मूर्ख.”

“तो मूर्ख तूच. अक्षर बघ.”

लाकड्याने कालची खापरी उचलून आजच्या खापरीशेजारी धरली. “मी... का बरं पाडलं असेन?”

त्याच्या तोंडून ‘का’ निघालेला ऐकून हौसाक्काला हसूच आलं. पण लाकड्याला आठवत नव्हतं आणि खापरी सांगत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच वळणावर जाऊन बसली. लाकड्या आला. त्याने बांधावर हात फिरवला आणि लगेच पहार उचलली.

“थांब!” हौसाक्का म्हणाली. “का?”

“आक्का, हात लावून बघा. पाट काठोकाठ भरला की इथली माती फुगते. थोडं पाणी सोडलं नाही तर बांध फुटेल.”

तिने हात लावला. खरंच, माती पुरणासारखी मऊ लागत होती. याच बांधावरून ती इतकी वर्षं चालत आली होती आणि तिला हे ठाऊक नव्हतं.

“अरे, मग हे खापरीवर का लिहीत नाहीस?”

“मला ठाऊकच आहे की.”

“आणि उद्या?”

लाकड्याने पहार खाली टेकवली. मग हळूच म्हणाला, “उद्या उठेल त्याला यातलं काहीच ठाऊक नसेल.”

“मग त्याच्यासाठी लिही ना! भोक पाडलंस हे त्याला दिसतंच. ते का पाडलंस, हे तू सांगितल्याशिवाय त्याला कसं कळणार?”

“आणि जे मलाच ठाऊक नाही, ते?”

“ठाऊक नाही असंच लिही. मनाचं घालू नकोस.”

मग हौसाक्काने त्याला भोक बुजवण्याचं कालचं कारण सांगितलं. लाकड्याने दोन्ही कारणं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, आणि पहार बांधाच्या पायथ्याशी न लावता वर, काठाच्या जरा खाली लावली. आता पाणी वाढलं तरच बाहेर पडणार होतं. एरवीचं सगळं टोकाच्या गावाला जाणार होतं.

त्या दिवशीची खापरी अशी होती: ‘काठाजवळ भोक ठेवले. पाट भरला की इथली माती फुगते, म्हणून बुजवू नये. खाली पाडू नये, टोकाच्या गावाचे पाणी जाते. माती का फुगते ते ठाऊक नाही. लाकड्याने केले, हौसाक्काने पाहिले.’

अमावास्या आली तेव्हा टोकाच्या गावची रोपं तरारली होती. कारभारी मात्र संशयी. वेगळा पाट काढायला घासून ठेवलेल्या कुदळी त्याने मोडीत घातल्या नाहीत.

पुढे एकदा नदी फुगली आणि पाट काठोकाठ भरला. हौसाक्का तेव्हा ओढ्यापलीकडे होती. मधल्या वळणावर तिला कारभारी दिसला, कुदळवाले दिसले. भोकातून धो धो पडणाऱ्या पाण्याकडे हात करून कारभारी लाकड्यावर ओरडत होता. आमचं पाणी पळवता काय, असंच म्हणत असणार. लाकड्याने दोन्ही हातांत चिखल घेतला.

“अरे, नको!” हौसाक्का जिवाच्या आकांताने ओरडली. पाण्याच्या आवाजात तिची हाक तिलासुद्धा ऐकू आली नाही. बांध फुटला असता तर खालची शेतं एका घटकेत वाहून गेली असती, आणि पाटाबरोबर गावांचा एकोपाही.

लाकड्या भोकाकडे वाकला. वाकला आणि तसाच थांबला. खापरी वाचली. मग हातातला चिखल त्याने खाली ठेवला आणि कारभाऱ्याला काहीतरी वाचून दाखवू लागला. कारभाऱ्याने बांधाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

हौसाक्का धापा टाकत पोचली, तेव्हा वेगळ्या पाटासाठी घासलेल्या कुदळी बांधाला भर घालत होत्या. कारभारी स्वतः मातीची पाटी वाहत होता.

“आक्का,” लाकड्याने तिला विचारलं, “या खापरीवरचं नाव पाण्याने पुसलंय. कोणी लिहिली ही? मोठा शहाणा माणूस असला पाहिजे.”

हौसाक्काचे डोळे भरून आले. “तूच रे, बाबा,” ती म्हणाली.

बोध: काय केलं ते काम सांगतं, पण का केलं ते उद्याच्या अनोळखी माणसासाठी आपणच खरंखरं लिहून ठेवावं.