हान्काच्या पेटीचं दार

पेटी बंद करायच्या आधी माझी वाट का पाहिली नाही? वॉर्सात उतरल्यापासून मी हे सगळ्यांना विचारलं. आक्का, माझी थोरली बहीण, इथे हॉटेलात कामाला होती, तापाने गेली. मिरजेहून मी तिला न्यायला आलो, तर शवपेटीला सील लागलेलं. आता उघडता येत नाही, एवढंच म्हणाले.

विमान दुसऱ्या दिवशी होतं. आक्काच्या ओळखीचे बोंगाळेकाका मला राजवाड्याच्या जुन्या बागेत घेऊन गेले. राजवाड्यात आता संग्रहालय आहे. बाहेर नुसता बर्फ, माणूस नाही, आणि झाडांमध्ये लाकडी पेट्या उभ्या. थंडीने दगड तडकतो म्हणून हिवाळ्यात इथले पुतळे फळ्यांनी झाकतात. एकाच पेटीला तोंडासमोर छोटं दार आहे.

मी धावत गेलो आणि ते दार ओढायला लागलो.

"अरे, मोडशील!" काका ओरडले. "चपला घालून बर्फात पळतोय, मिरजेचं मार्केट आहे का हे? आधी ऐक, मग उघड."

फार पूर्वी इथे यानेक नावाचा सुतार होता म्हणे. पुतळे झाकायचं काम त्याचं. त्याची बहीण हान्का बागेत फुलं लावायची. तिला बघूनच हा पुतळा घडवला, असं सांगतात. एका हिवाळ्यात तापाची साथ आली. यानेक बागेत फळ्या ठोकत होता, तेवढ्यात हान्का गेली. तो घरी पोचला तर शवपेटीला खिळे मारून झालेले.

पुढच्या हिवाळ्यात तिच्या पुतळ्याची पाळी आली. अंगाच्या फळ्या त्याने बसवल्या. तोंडावरची फळी त्याच्याने ठोकवेना.

"ठोक, नाहीतर दगड तडकेल," मुकादम म्हणाला.

"तडकला तर माझे हात तोडा."

यानेकने अंगातला कोट काढला आणि त्या भोकावर लावला. रोज सकाळी तो कोट बाजूला करायचा, बहिणीला बघायचा, पुन्हा लावायचा. हिवाळाभर तो कोटाशिवाय हिंडला. त्या वर्षी फळ्यांच्या आतले कितीतरी पुतळे तडकले म्हणे. हान्काला केसाएवढी भेग नाही. मग मुकादमानेच तिथे दार बसवून दिलं.

आजही ज्यांना आपल्या माणसाचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही, ते इथे येतात. दार उघडतात, बघतात, लावतात. कोण गेलं, हे कुणी विचारत नाही.

काका लांब जाऊन पाठ फिरवून उभे राहिले. मी दार उघडलं. ती आक्कासारखी दिसत नव्हती. नाक वेगळं, कपाळ वेगळं. ओठांवर बर्फ जमला होता. आक्काच्या तोंडात पाणी घालायचं राहिलं होतं. मी तिच्या ओठांवर बोट धरून ठेवलं, बर्फ वितळून थेंब ओठांच्या फटीत उतरेपर्यंत.