सहाणेवरचं जातं

कोंडखुरी गावात पालखी टेकवायचा एक दगडी चौथरा आहे. त्याला सहाण म्हणतात. गावच्या कारभारी पुरुषांची सभा, म्हणजे गावकीही, तिथेच बसते. या सहाणेवर एक जातं रोवलेलं आहे. देवळाचे वयस्क गुरव सीतारामबुवा पाहुण्यांना देवाआधी ते दाखवतात, आणि मग त्याची हकीकत सांगतात.

ती बातमी आली तो दिवस, म्हणे, साधाच होता. भागीरथी अंगणात कुळीथ पाखडत होती. शेजारीण धापा टाकत आली. चंद्री, भागीरथीची लेक, पऱ्ह्यावरून पाणी आणताना घसरली होती. ती उठलीच नाही.

पऱ्ह्या म्हणजे ओढा, तोही खोल दरीत. पाणी बायकांनी आणायचं आणि विहीर पाडायची की नाही ते पुरुषांनी ठरवायचं, अशी रीत होती. त्या वर्षी गावकीनं देवळापुढे मंडप बांधायचं ठरवलं होतं.

चंद्रीचे दिवस झाल्यावर भागीरथी सहाणेपाशी गेली. "मंडप थांबवा. आधी वाडीत विहीर पाडा."

मानकरी रावजी म्हणाला, "वयनी, गावकीत बाईमाणसानं बोलू नये. जात्यावर बसून काय गायचं ते गा."

पुढच्या बैठकीला ती जातंच घेऊन आली. जावेनं एक तळी उचलली, तिनं दुसरी. सहाणेवर जातं मांडून ती नाचणी दळू लागली.

पऱ्ह्याच्या गं वाटेवरी घागर पडली फुटूनी,
लेक माझी पाण्या गेली, आली नाही परतूनी.

"हे काय चालवलंय?" रावजी ओरडला.

"दळतेय, भावजी. तुम्हीच सांगितलंत."

"पीठ तरी बारीक काढ गो," कोणीतरी टोमणा मारला.

"काढते. तुमच्या घशाखाली उतरायला नको?"

भरल्या जात्यावरून बाईला उठवणं अशुभ, त्यामुळे तिला हात लावायची कोणाची छाती होईना. घरघरीत पुरुषांचं बोलणं एकमेकांना ऐकू येईना. बैठक मोडली. नंतरच्या प्रत्येक बैठकीला सूपभर नाचणी घेऊन आणखी बायका येत गेल्या. जी पडली होती तिनं स्वतःची ओवी रचली. जी उरली नव्हती तिची ओवी तिच्या आईनं किंवा बहिणीनं म्हटली.

असं सांगतात, की एके दिवशी रावजीची सून लंगडत आली. त्याच वाटेवर तिचा पाय मोडला होता. तिनं सासऱ्यासमोर खुंटा धरला आणि ओवी म्हटली. रावजी खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "मंडपाचे दगड विहिरीला लावा."

आजही गावकी बसली की आधी बायका मूठभर नाचणी दळतात आणि आपलं म्हणणं ओवीतून मांडतात. ओवी संपेपर्यंत पुरुषांनी तोंड उघडायचं नाही. बायकांच्या ओव्यांवरून शाळेची वाट झाली, दारूचं दुकान उठलं, असं बुवा सांगतात.

मात्र जात्याशिवाय, नुसती उभी राहून गावकीत बोललेली बाई अजून एकही नाही. ते राहिलं आहे.