खारजाईची मुकी शेंग

पाहुणे आले की कोंडखारच्या बाया त्यांना आधी खाडीच्या बांधावर नेतात. एका अंगाला भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला खारं पाणी, आणि बांधाला बिलगून उभी कांदळाची गर्द झाडी. ही झाडी आपोआप उगवलेली नाही. तिच्यामागे एका सुनेचा नवस आहे, असे सांगतात.

तिचं नाव येसू. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या दिरानं चांगली जमीन आपल्याकडे ठेवली आणि येसूच्या नवऱ्याच्या, धाकूच्या पदरात हा खार टाकला. मीठ फुटलेली जमीन. गवतसुद्धा धरत नव्हती. धाकू गलबतावर खलाशी. येसू एकटीच खारजाईच्या देवळात गेली आणि मनातल्या मनात बोलली, "आई, याच जमिनीतल्या तांदळाचा नैवेद्य तुला दाखवीन. तोवर भाताचं शीत तोंडात घालणार नाही, आणि हा नवस कुणापाशी बोलणारही नाही."

तिनं चिखलाचा बांध घातला. पावसाचं गोडं पाणी आत कोंडायचं, ओहोटीला बांधातल्या दाराच्या, म्हणजे उघाडीच्या, फळ्या काढून सोडून द्यायचं. दर खेपेला थोडं मीठ वाहून जायचं. बांधाच्या खाडीकडच्या अंगाला ती कांदळाच्या लांबट शेंगा रोवत जाई.

थोरली जाऊ अंबू येता-जाता थांबे. "काय गं, या शेंगांची भाजी करणारेस का?"

"बघू, शिजल्या तर."

"आणि भात का टाकलास?"

"पित्त होतं, जाऊबाई."

येसू हसून वेळ मारून नेई, पण आत काळीज थाऱ्यावर नसे. भरतीचा आवाज वाढला की तव्यावरची भाकरी करपे. बांधात खेकड्याचं एखादं बीळ राहिलं असलं तर? आपण म्हातारे होईपर्यंत मीठ गेलंच नाही तर? आणि बोलायचं कुणापाशी?

एका वर्षी धाकू बियाणं घेऊनच घरी आला. "पाणी गोडं लागतंय, येसू. पेर आता. गाव हसतंय मला."

येसूनं खाचरातली माती जिभेवर ठेवली. "अजून नाही."

तो रागानं निघून गेला. तो परत येतो की नाही, हा नवा घोर लागला. त्याच साली शेजारच्या खारात कुणी घाईनं लावलेला भात पिवळा पडून जळाला. ते पाहून तिला बरं वाटलं नाही; उलट धास्तीच वाढली.

आणखी काही पावसाळे गेले. माती जिभेला खारट लागेना, तेव्हाच तिनं लावणी केली. रोपं तरारली. आणि नारळी पौर्णिमेला म्हणे असं उधाण आलं, की जुन्या माणसांनीही तसं पाहिलं नव्हतं. गाव नारळ घेऊन किनाऱ्यावर, येसू एकटी बांधावर. पाणी काठाला टेकलं. एके जागी माती खचली. ती चिखल लिंपत होती, पाणी तो ओढून नेत होतं. अंबूनं दुरून ते पाहिलं. नारळ तसाच टाकून ती धावत आली आणि चिखलाच्या पाट्या भरून देऊ लागली. तरी पुरं पडेना. शेवटी दोघींचे हात गळले.

माती वाहून गेली तिथं आतून मुळं दिसली. कांदळाची, बांधाच्या पोटात शिरून एकमेकांत टोपलीसारखी विणलेली. उरलेली माती त्यांनी सोडली नाही. पाणी काठावर थबकलं आणि हळूहळू उतरलं. त्या मुळांतून देवीच्या बांगड्या वाजल्या, असंही कुणी सांगतात.

"आता तरी सांग, भात का टाकलास?" अंबूनं विचारलं.

"कापणी झाली की सांगते."

कापणीला धाकू परतला. देवळात नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवला, आणि प्रसादाचा घास येसूनं तोंडात घातला तेव्हा तिच्या डोळ्यांना धार लागली. अंबूला उमजलं. तिनं पुढं काही विचारलं नाही, फक्त आपल्या पानातला भात तिला वाढला.

आजही नारळी पौर्णिमेला, नारळ वाहण्याआधी, इथल्या बाया कांदळाची एक शेंग चिखलात रोवतात. मनातल्या मनात मागतात, आवडीचं काहीतरी सोडतात. कुणी कुणाला विचारत नाही. तुम्हीही एक शेंग घ्या. टोकाची बाजू खाली धरून हलकेच रोवा. काय मागितलंत ते आम्हाला सांगू नका, घरीही सांगू नका. जिवाला घोर लागेल, लागू द्या. शेंग मात्र उपटून बघू नका.