शनिवारची उतरण

“पण कधी, दादा? सांत्वन कधी मिळणार? तारीख नको, निदान महिना तरी सांगा!”

पाळक नथानिएल आवळे आमच्या पानमळ्याच्या बांधावर उभा राहून विचारत होता. माझा थोरला भाऊ एलिया, त्याचा जुना गुरू, विड्याच्या पानांच्या वेलींत बसून माती उकरत होता. त्यानं मान वर केली नाही.

मी, दीना, चहा घेऊन आले होते. चहा निवला तरी जागची हलले नाही. असलं ऐकायला रोज कुठं मिळतं?

“तुला बायबलची वचनं किती पाठ आहेत, नथू?” दादानं विचारलं.

“सांत्वनाची? सगळी.” नथानिएल ताठ झाला. “मराठीत. आणि ग्रीकमध्येसुद्धा.”

“अरे वा!”

“चेष्टा नको, दादा. संसार अर्ध्यावर टाकून शलोमीला जाऊन आठ महिने झाले. आठ महिने मी घरोघरी सांगत फिरतोय, प्रभू दुःखितांना टाकत नाही, तो बळ देतो. लोक डोळे पुसतात, माझे आभार मानतात. आणि घरी येतो तर तिची बाजाची पेटी तशीच झाकलेली... गाण्याची एक ओळ तोंडातून निघत नाही.”

दादा उकरतच राहिला.

“उद्या ईस्टर. मी उपदेशाला उभा राहणार नाही. पाळकपणही सोडतोय. चर्चच्या वडीलधाऱ्यांना चिठ्ठी लिहिलीय.” त्यानं सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. “मलाच जे मिळालं नाही, ते कोणत्या तोंडानं वाटू?”

...

दादा उठला. एका वेलीपाशी गेला. तिला शेवरीच्या झाडाशी बांधलेले लव्हाळ्याचे बंध सोडले आणि पुरुषभर उंच, हिरवीगार वेल सरळ खाली घेतली. मग दुसरी. मग तिसरी.

“अहो, काय करताय? एवढी चढलेली वेल!”

दादा चौथीकडे वळला.

नथानिएल शहरात वाढलेला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी त्यानं वाफ्यात उडीच घेतली आणि पडलेल्या वेली उचलून भराभर पुन्हा शेवरीला बांधायला लागला. “दीनाताई, धरा त्यांना! दादांचं डोकं फिरलंय!”

मी पदर तोंडात कोंबला. काय करणार, हसू आवरेना!

दादा बांधावर बसून तो निवलेला चहा प्यायला. तिन्ही वेली बांधून होईपर्यंत बघत बसला.

“झालं?”

“झालं.” नथानिएल घामानं निथळत होता.

“आता सोड.”

“काय?”

“तिन्ही सोड. तुझ्या हातानं.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. शेवटी मलाच दया आली. “सोडा, पाळकसाहेब. दर उन्हाळ्यात आम्ही वेल उतरवतो. नाही उतरवली तर वर चढून चढून थकते बिचारी. पानं बारकी पडतात.”

“आणि उतरवून ठेवता कुठं?”

“मातीत.”

पलीकडचा वाफा दोन महिन्यांपूर्वीच उतरवला होता. दादानं त्याला तिथं नेलं, बोटांनी माती बाजूला केली आणि नथानिएलचा हात धरून आत घातला. वेलीच्या पेरापेराला पांढरी मुळं फुटली होती. बोटाएवढी लांब.

नथानिएल एकेक पेर चाचपत राहिला...

“ही वर असताना नव्हती?”

“वर कशाला फुटतायत?”

नथानिएल उठला. परत आला, आपणच बांधलेल्या तिन्ही वेली सोडल्या, पहिलीचं वेटोळं करून बुंध्याशी ठेवलं आणि दोन्ही हातांनी माती ओढायला लागला. ओढतोय, ओढतोय, थांबायचं नाव नाही!

दादानं त्याच्या हातावर चापट मारली. “शेंडा! अरे लेका, शेंडा बाहेर ठेव! तोही पुरतोस?”

नथानिएल दचकला. आणि मग हसला. आठ महिन्यांत आम्ही ते हसू ऐकलं नव्हतं. चिखलाच्या हातानं तोंड पुसलं, तर ओठांवर ही मोठी मिशी उमटली. मग मीही पोटभर हसून घेतलं. फार बरं वाटलं मला.

शेंडा शेवरीला बांधता बांधता तो गुणगुणायला लागला. शलोमी पेटीवर वाजवायची तीच चाल. त्याला कळलंसुद्धा नाही. दुसऱ्या वेलीला वाकला तशी खिशातली चिठ्ठी वाफ्यात पडली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. वेलीबरोबर तिच्यावरही माती ओढली आणि पुढची ओळ धरली.

ती ओळ मात्र अर्ध्यावर तुटली.

“दादा... उद्या बोलता बोलता रडू आलं तर? भर सणाला?”

दादा खोरं घेऊन पाटाकडे गेला होता. त्यानं बारं फोडलं आणि पाणी खळाळत वाफ्यात शिरलं.

“येऊ दे की. उतरणीला पाणी लागतंच.”