सिनेमाचं गाऱ्हाणं

एकदा एका खाडीकाठच्या गावात तंबूचा सिनेमा आला. त्या गावच्या देवळात एक वृद्ध गुरव होते आणि त्यांच्या हाताखाली एक शिष्य. पूजा, कौल, गाऱ्हाणं, सगळं तो त्यांच्याकडून शिकत होता. मोठा निष्ठावान. देवाच्या अंगावर पाणी ओतायच्या आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघायचा, फार गार तर नाही ना.

सिनेमात देवाची थट्टा होती. शिष्याने तो पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी दुपार कलेपर्यंत तेलात भिजवलेले पलिते घेऊन माणसं देवळापुढे जमवली. तंबू जाळायचा ठरला. तंबूच्या मागेच तंबूवाल्याचं बिऱ्हाड होतं, त्याची बायको नुकती बाळंत झालेली. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण रागाला कुठे डोळे असतात?

गुरव पायरीवर बसलेले. म्हणाले, "काय रे, यंदा होळी लवकर आली?"

"चेष्टा नको, बाबा. ज्याला मी रोज न्हाऊ घालतो त्याला काल सगळा तंबू हसत होता. मला ते सोसत नाही."

गुरवांनी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. दुःख खरं होतं. ते उठले. "मग जाळ. पण अपमान देवाचा झालाय, तर त्याला विचारून जा. तू गाऱ्हाणं घाल, मी कौल लावतो. उजवी पाकळी पडली तर पहिला पलिता मी लावीन."

लोक चकितच झाले. म्हातारा असं बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

आता गाऱ्हाण्याची रीत अशी, की देवापुढे उभं राहून एकाने तक्रार मोठ्याने सांगायची, आणि वाक्यावाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. तक्रार सबंध सांगायची. देवापाशी अर्धंमुर्धं चालत नाही.

गुरवांनी देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. शिष्याने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, तंबूत तुझी विटंबना झाली."

"व्हय म्हाराजा." देऊळ दणाणलं.

"काय विटंबना झाली ते सांग की," गुरव हळूच म्हणाले. "नुसतं एवढ्यावर तो काय निवाडा देणार?"

शिष्य घुटमळला. "सिनेमात एक जण देवाला नारळ ठेवतो आणि मागतो, माझ्या शेजाऱ्याचा फणस वाळू दे."

"व्हय म्हाराजा."

"मग तो शेजारी येतो. तो कोंबडा कबूल करतो आणि मागतो, याची म्हैस आटू दे."

"व्हय म्हाराजा." या खेपेला आवाज खाली आला. शेजारी-शेजारी उभे असलेले दोघे जण आपापल्या पायांकडे बघू लागले.

"मग सख्खा भाऊ येतो. म्हणतो, कज्ज्यात माझ्या भावाला हरव."

होकार भरला तो मागच्या एकदोघांनी.

"आणि देवाचं डोकं दुखायला लागतं. तो कपाळाला फडकं बांधतो आणि गाव सोडून बहिणीकडे राहायला जातो."

पलिते धरलेले हात खाली आले.

"भरा होकार," गुरव म्हणाले. "का, थांबलात का?"

गाभाऱ्यात समईची वात तेवढी हलत होती. पाकळ्या होत्या तिथेच. एकेकाने कधी ना कधी त्याच खांद्यांवर पाकळ्या लावून घेतल्या होत्या, आणि काय मागून लावल्या होत्या ते ज्याचं त्याला आठवत होतं.

शिष्य पाकळ्यांकडे बघत म्हणाला, "बाबा, देव काहीच का सांगत नाही?"

"अरे, सिनेमावाल्याने ही मागणी मनाने रचली. मी उभा जन्म इथे खरी ऐकली. माझ्या बापाने तुमच्या आजे-पणज्यांची ऐकली. सिनेमातला देव कंटाळून निघून गेला. हा बघ, हा गेला नाही. सगळं ऐकून घेतो, आणि सकाळी निमूट तुझ्या हातून न्हाऊन घेतो. ज्याने एवढं पोटात घातलं, त्याची अब्रू एका कापडावरच्या चित्राने जाईल?"

माणसं एकेक करून बाहेर पडली. पलिते दीपमाळेपाशी टाकून दिले. मघाशी पायांकडे बघणाऱ्या त्या दोघा शेजाऱ्यांतला एक दुसऱ्याला पायरीवर म्हणाला, "म्हैस काय म्हणते रे तुझी?"

"दूध देते. तू मागितलंस तरी."

शिष्य एकटाच आत उरला. "गाऱ्हाणं मागे घेतो, बाबा," तो म्हणाला. "आता दुसरं काय मागू?"

"मागायलाच हवं का?"

तेव्हा त्याने मान वर केली. रोज तो त्या मूर्तीला हात लावत होता. पण एकतर काम असे, नाहीतर मागणं असे. नुसतं बघायचं राहूनच गेलं होतं. पिढ्यानपिढ्यांच्या पाण्याने गुळगुळीत झालेला तो काळा चेहरा, कुणावर रागावलेला नाही, कुणाला विटलेला नाही.

"एवढा मोठा," तो म्हणाला, "आणि आपल्यात राहतो."

आणि तो नुसता बघत राहिला.