धनेशाची ढोली

जंगल बघायला माणसं गाड्या करून येऊ लागली, त्या काळातली ही गोष्ट. धनेशाची मादी बेहड्याच्या ढोलीत शिरली आणि रीतीप्रमाणे तिनं दार चिखलानं लिंपून घेतलं. चोचीपुरती फट ठेवली. तिथून नर तिला नि पिल्लांना उंबरं भरवायचा.

एके दिवशी झाडाखाली मंडळी जमली, तसा नर लांबच अडून बसला.

खार म्हणाली, "अहो भावोजी, भिता कशाला? तुमचं कौतुक करायलाच आलीत ती!"

"करू दे की, पण जरा लांबून. आत माझी माणसं उपाशी आहेत."

रोज उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत नवी मंडळी यायची. सहाव्या दिवशी फटीतून चोच बाहेर आली नाही.

खाली डबा उघडत एक बाई म्हणाल्या, "काय शांत वाटतं हो इथं!"