हिरव्या ज्योतीच्या पायऱ्या

शेजारच्या राजाच्या आतषबाजीत हुबेहूब आपल्यासारखीच हिरवी ज्योत दिसली आणि चंडसेन राजाचा पापड मोडला. त्यानं शोभेची दारू बनवणाऱ्या म्हाळसाबाईला दरबारात बोलावलं.

"आमच्या आतषबाजीत तांबं जळताना निघणारा हिरवा रंग वेगळा दिसला पाहिजे. जरासा पिवळ्याकडे झुकलेला. तांब्यात दुसरं काही मिसळायचं नाही. जमलं नाही तर राज्य सोडून चालती हो!"

म्हाळसाबाईनं तीस वर्षं तांबं जाळलं होतं. राजवाड्यातलं असो की मोडीतल्या घागरीचं, ज्योत तीच निघायची. तिनं दरबारातल्या शेगडीत चिमूटभर तांब्याचा कीस टाकला. हिरवी ज्योत उठली.

"करते, महाराज. त्याआधी तुम्ही सिंहासनावरून खाली या, आणि दुसऱ्या नि तिसऱ्या पायरीच्या मधोमध क्षणभर उभे राहून दाखवा."

राजा तोऱ्यात उतरू लागला. त्यानं एक पाय अधांतरी धरला, डगमगला आणि दणकन खालच्या पायरीवर आला.

"मध्ये उभं राहायला जागाच कुठाय?"

"तांब्याच्या कणातही अशाच पायऱ्या असणार, महाराज. आगीच्या धगीनं आतलं कुणीतरी वर चढतं आणि खाली उडी घेतं. त्या उडीचाच हा उजेड. पायऱ्या ठरलेल्या, म्हणून रंगही ठरलेला."

त्या उडी घेणाऱ्याला आज आपण इलेक्ट्रॉन म्हणतो. म्हाळसाबाईकडे नाव नव्हतं, तीस वर्षांची नजर होती.

राजा शेगडीजवळ जमिनीवरच बसला. ज्योतीकडे वाकून बघू लागला. मग हळूच म्हणाला, "एवढ्याशा कणात पायऱ्या बांधल्या कुणी?"

"ते मला ठाऊक नाही, महाराज. पण ज्यानं बांधल्या, त्यानं राजा कोण हे विचारलेलं दिसत नाही."